निगेटिव्ह चिठ्ठी : कोळंबीच्या विषाणूशोधाची पन्नास वर्षे

माझ्या जुन्या कागदांच्या पेटीत एक पिवळट पडलेली चिठ्ठी आहे. पोस्टकार्डाहून थोडी मोठी. वर एका बीजोत्पादन केंद्राचे नाव छापलेले, खाली शिक्का आणि मधे टंकलेखित दोन ओळी. पहिलीत बीजाच्या टाकीचा क्रमांक, दुसरीत ‘डब्ल्यूएसएसव्ही : निगेटिव्ह’. साल २००२. ही चिठ्ठी माझ्या मावसभावाची. तेरेखोल खाडीच्या आतल्या अंगाला, खारबंदिस्तीच्या पडीक शेतात त्याने एक हेक्टरचे तळे खणले होते आणि पूर्व किनाऱ्यावरून वाघी कोळंबीचे एक लाख बीज मागवले होते. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्या थर्माकोलच्या पेट्यांत आणि सर्वांत वरच्या पेटीवर चिकटवलेली ही चिठ्ठी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बीज सोडले. मे अखेरीस वळवाचा पाऊस झाला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी कोळंबी काठाला येऊन सुस्त पोहू लागली, चेक ट्रेमधले खाद्य तसेच राहू लागले. एक उचलून डोक्यावरचे कवच सोलून उन्हात धरले तर आतून पांढरे ठिपके. आठवडाभरात तळे संपले. मावशीच्या पाटल्या सोसायटीत गहाण होत्या, त्या पुढे सुटल्या नाहीत. दादा त्या संध्याकाळी बांधावर बसून ती चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाला, “कागदार तर निगेटिव्ह लिवलला आसा, मगे सुंगटा मेली कशी?”

मी तेव्हा रेडीला खाणीच्या वजनकाट्यावर नोंदी लिहीत होतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे. मला उत्तर देता आले नाही. बीजवाला खोटारडा, असे दोघांनी ठरवून टाकले आणि विषय मिटवला. पण तो माझ्यापुरता मिटला नाही. पुढची वीसेक वर्षे जमेल तिथून, मत्स्य महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून, ओळखीच्या विद्यार्थ्यांकडून आणलेल्या झेरॉक्सवरून, मी त्या दोन ओळींमागचा इतिहास वाचत आलो. तो इथे मांडतो. शास्त्रज्ञाच्या अधिकाराने नव्हे, एक चिठ्ठी नीट वाचता यावी एवढ्याचसाठी.

आमच्या खाडीकाठी पूर्वी चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता, कारण बीज विकत घेतले जात नसे. पावसाळ्यात खारभूमीत भात, भात कापल्यावर उघाडी वर करून भरतीचे पाणी आत घ्यायचे. त्या पाण्याबरोबर कोळंबीची पिल्ले, बोय, कुर्ल्या सगळेच येई. ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी जाळे लावले की सुंगटे मिळत. पलीकडे गोव्यात खाजणांना हीच रीत, तिथे उघाडीला मानस म्हणतात. रोग त्याही काळी असतील. पण दाटी नव्हती, एकाच जातीचे पीक नव्हते आणि मेलेली कोळंबी मोजायला कोणी बसत नसे.

बीज हातात आले ते जपानमुळे. मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त पाण्यात मिळवून पिल्ले वाढवली आणि १९४२ मध्ये त्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. तैवानच्या आय-चिउ लिआओ यांनी १९६८ मध्ये वाघी कोळंबीचे बीज तयार केले. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कोचीनजवळ नारक्कल येथे १९७० च्या दशकात हे काम सुरू केले, आणि १९८० च्या दशकाअखेरीस सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने आंध्र आणि ओडिशात मोठी बीजोत्पादन केंद्रे उभी केली. कोकणातल्या बहुतेकांचे बीज तेव्हापासून पूर्व किनाऱ्यावरूनच येत राहिले.

या केंद्रांची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. वाघी कोळंबीची मादी ही समुद्रातून पकडून आणलेली असे. ट्रॉलरवाल्याकडून जिवंत मादी विकत घ्यायची, तिच्या एका डोळ्याचा देठ दाबून किंवा कापून टाकायचा (अंडाशयाची वाढ रोखणारे संप्रेरक त्या देठातल्या ग्रंथीत असते), की काही दिवसांत ती अंडी घालते. एका वेळी काही लाख. अर्ध्या-एक दिवसात अंडी फुटतात, मग नॉप्लियस, झोइया, मायसिस अशा अवस्था ओलांडून पंधरवड्याच्या आत पिल्लू पोस्टलार्व्हा होते. म्हणजे समुद्रातून आणलेल्या एका आईच्या अंगात विषाणू असेल तर तो अंड्यांभोवतीच्या पाण्यातून काही लाख पिल्लांपर्यंत आणि तिथून कित्येक जिल्ह्यांतल्या तळ्यांपर्यंत जाणार. आईची तपासणी हा कोळंबीच्या रोगशास्त्राचा गाभा का झाला, ते यावरून कळेल. दुसरेही कारण आहे. कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिद्रव्ये तयार होत नाहीत. त्यामुळे नेहमीच्या अर्थाने लस देता येत नाही. औषध नाही. उरते ते फक्त आधी ओळखणे.

ओळखण्याचा इतिहास १९७४ पासून मोजतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या गल्फ ब्रीझ येथील प्रयोगशाळेत जॉन काउच यांना गुलाबी कोळंबीच्या यकृतवजा ग्रंथीत, हेपॅटोपँक्रियासमध्ये, एक विषाणू दिसला. कोळंबीलाही विषाणूजन्य रोग होतो, हे तेव्हा प्रथम सिद्ध झाले. त्यानंतर ॲरिझोना विद्यापीठाच्या डोनाल्ड लाइटनर यांनी या विषयाला जन्म वाहून घेतला. तैवानहून मेक्सिकोत नेलेल्या वाघी कोळंबीत त्यांना मोनोडॉन बॅक्युलोव्हायरस सापडला (१९८१), आणि त्याच वर्षी हवाईतल्या निळ्या कोळंबीच्या मरतुकीमागे आणखी एक विषाणू दिसला. या दुसऱ्याची खोड अशी की वाचलेली कोळंबी वरून धट्टीकट्टी दिसे, मोठी होई आणि प्रजननासाठी वापरली की रोग पुढच्या पिढीला देई.

पहिल्या काळात तपासणीचे हत्यार म्हणजे साधा सूक्ष्मदर्शक. मोनोडॉन बॅक्युलोव्हायरस त्या बाबतीत माणसावर दया करणारा होता. तो पेशीत गोल गोळे तयार करतो. पिल्लाची ग्रंथी काचेवर चिरडायची, वर मॅलेकाइट ग्रीन या हिरव्या रंगाचा थेंब टाकायचा, की गोळे रंगून उठून दिसतात. दहा मिनिटांचे काम, खर्च जवळजवळ नाही. बीज विकत घेणारा जाणता माणूस स्वतः हे करू शकत असे. तैवानचे वाघी कोळंबीचे उत्पादन १९८७ मध्ये शिखरावर होते आणि १९८८ मध्ये कोसळले, तेव्हा पहिला संशय याच विषाणूवर आला. पुढे अभ्यासकांनी अति दाट साठवण, दूषित पाणी, थकलेली तळी अशी कारणेही त्यात मिळवली. मला स्वतःला हे दुसरे म्हणणे अधिक पटते. पण व्यापाऱ्याला एकच नाव असलेला शत्रू हवा असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू मात्र गोळे करत नाही. १९९२-९३ मध्ये तो तैवान आणि चीनमध्ये दिसला. १९९३ मध्ये चीनहून आणलेल्या कुरुमा पिल्लांबरोबर जपानात गेला. आपल्याकडे १९९४-९५ मध्ये पूर्व किनाऱ्यावर कहर झाला आणि लवकरच पश्चिम किनाराही सापडला. पहिली लक्षणे दिसल्यापासून तीन ते दहा दिवसांत तळे रिकामे. ठिपके म्हणजे कवचाच्या आतल्या बाजूला साचलेले कॅल्शियमचे क्षार. पण ते दिसेपर्यंत वेळ गेलेली असते, आणि कित्येकदा ठिपके न येताच कोळंबी मरते. पहिल्या काही वर्षांत प्रत्येक देशाने या विषाणूला वेगळे नाव दिले. सगळे मिळून एकाच विषाणूबद्दल बोलत आहेत हे उमगायलाही वेळ लागला. २००१ मध्ये डच आणि चिनी गटांनी त्याचा सुमारे तीन लाख अक्षरांचा डीएनए वाचून काढला, तेव्हा तो कुठल्याच ज्ञात कुळातला नाही असे दिसले. त्याच्या शेपटीसारख्या धाग्यावरून नव्या कुळाला निमाव्हिरिडी हे नाव मिळाले.

आपल्या बाजूच्या किनाऱ्यावर या रोगाचा पद्धतशीर अभ्यास झाला तो मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात. इंद्राणी करुणासागर आणि इड्या करुणासागर यांच्या गटाने पश्चिम किनाऱ्यावरच्या तळ्यांतल्या मेलेल्या वाघी कोळंबीचे पेशीस्तरावरचे निरीक्षण १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. रेडीहून मंगळूर काही परदेश नव्हे, पण त्या वर्षांत आमच्या तालुक्यात या कामाची कुणाला गंधवार्ता असल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे चर्चा होती ती कोर्टाची. तामिळनाडूतले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला आणि किनारा नियमन क्षेत्रातली पारंपरिक सोडून बाकीची कोळंबी तळी काढून टाकायला सांगितले. त्या खटल्यात आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेचे पाहणी अहवाल महत्त्वाचे ठरले होते. निकालाची चर्चा खारे पाणी, भातशेती, कांदळवन यांच्या अंगाने झाली, आणि ते योग्यच होते. पण विषाणूनेही त्याच सुमारास अनेक तळी बंद पाडली होती. दोन्ही गोष्टी एकात एक मिसळून लोकांच्या लक्षात फक्त ‘कोर्टाने बंद केली’ एवढेच राहिले.

आता त्या चिठ्ठीतल्या तपासणीकडे येऊ. तिचे नाव पीसीआर. अमेरिकेतल्या कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली, नोबेल १९९३ मध्ये मिळाले. पांढरे ठिपके आणि हे नोबेल साधारण एकाच वेळचे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. डीएनएचे दोन धागे ९५ अंशांच्या आसपास तापवून सोडवायचे, थंड करून त्यांवर प्रायमर नावाचे छोटे तुकडे बसवायचे आणि विकराकडून प्रत्येकाची प्रत काढून घ्यायची. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत चार. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. एवढ्या उष्णतेत टिकणारे विकर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत राहणाऱ्या जिवाणूत सापडलेले. आपल्याकडच्या राजवाडीच्या किंवा वज्रेश्वरीच्या कुंडांसारखीच ती गरम पाण्याची कुंडे.

तैवानच्या राष्ट्रीय विद्यापीठात चु-फांग लो आणि गुआंग-शिउंग कोऊ यांच्या गटाने १९९६ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूसाठी पीसीआर बसवली. त्यांची दोन टप्प्यांची रीत पुढे जगभर प्रमाण मानली गेली. पहिल्या टप्प्यात १४४७ अक्षरांचा तुकडा उचलायचा, दुसऱ्यात त्याच्याच पोटातला ९४१ अक्षरांचा. पहिल्याच टप्प्यात पट्टी उमटली तर संसर्ग जोरात, फक्त दुसऱ्यात उमटली तर हलका, आणि कशातच नाही तर निगेटिव्ह. त्याच वर्षी या गटाने दाखवले की समुद्रातल्या धडधाकट दिसणाऱ्या कोळंबीत, कुर्ल्यांत आणि इतर कवचधारी जीवांतही हा विषाणू आढळतो. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने आपला पीसीआर संच तयार केला आणि मोठी बीजोत्पादन केंद्रे स्वतःच्या प्रयोगशाळा थाटू लागली. दादाच्या पेटीवरची चिठ्ठी ही त्या लाटेतली.

मग कोळंबी मेली कशी?

वाचता वाचता मला याची एक नव्हे, तीन उत्तरे मिळाली, आणि त्यांतल्या एकातही बीजवाला खोटे बोलला असे मानण्याची गरज पडत नाही.

पहिले उत्तर हिशेबाचे. त्यासाठी वाणिज्य शाखेचे शिक्षण पुरेसे होते. टाकीतले सगळे बीज तपासता येत नाही, तपासले की ते मरते. म्हणून नमुना घेतात. रूढ कोष्टक असे की शंभरात दोन बाधित असतील तर ९५ टक्के खात्रीने पकडायला १५० पिल्ले घ्यावी लागतात. शंभरात पाच असतील तर ६० पुरतात, दहा असतील तर ३०. पण समजा हजारात एकच बाधित आहे. दादाच्या एक लाखात अशी शंभर पिल्ले. १५० च्या नमुन्यात त्यांतले एकही न येण्याची शक्यता मी कागदावर काढली : शंभरात ८६. म्हणजे यंत्र अचूक, माणूस प्रामाणिक, नमुना नियमाप्रमाणे, तरी शंभरातल्या ८६ वेळा चिठ्ठीवर ‘निगेटिव्ह’ येणार आणि पेटीतून शंभर रोगी पिल्ले तळ्यात उतरणार. ती मेल्यावर बाकीची त्यांना खातात. कोळंबी आपल्या जातीची मढी खाते, आणि रोग पसरण्याची तळ्यातली सर्वांत सोपी वाट तीच. दादाच्या चिठ्ठीवर नमुना किती पिल्लांचा होता हे लिहिलेले नाही. तो आकडा चिठ्ठीवर असायला हवा हे त्या वेळी मागायला आम्हाला सुचलेही नव्हते.

यातच आणखी एक बारकावा आहे. कोळंबीच्या डोळ्यांत पीसीआरची क्रिया अडवणारे घटक असतात. पिल्लू डोळ्यांसकट वाटले तर विषाणू असूनही पट्टी उमटत नाही. म्हणून डोळे काढून उरलेले डोके घ्यावे असा नियम आहे. मोठ्या मादीचा पोहण्याचा पाय किंवा कल्ल्याचा तुकडा घेतात. हेपॅटोपँक्रियास, जी जुन्या विषाणूसाठी मुद्दाम तपासत, ती इथे निरुपयोगी. जुन्या सवयीने चुकीचा अवयव तपासणारे असतीलच. किती, ते कोण सांगणार.

दुसरे उत्तर आईचे आहे, आणि मला ते सर्वांत विलक्षण वाटते. तैवानच्याच गटाने १९९९ मध्ये माद्यांच्या तपासणीची वेळ कोणती असावी यावर काम प्रसिद्ध केले. अंडी घालण्यापूर्वी निगेटिव्ह आलेल्या काही माद्या अंडी घातल्यावर पॉझिटिव्ह येत होत्या. विषाणू अंगात दबून होता, प्रसूतीच्या ताणाने तो उसळला. म्हणून त्यांनी सुचवले की मादी तपासायची ती अंडी घातल्यानंतर, आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत तिची पिल्ले वेगळी ठेवायची. बीजोत्पादकाच्या दृष्टीने ही शिफारस महागडी. प्रत्येक मादीला वेगळी टाकी, निकालाची वाट आणि पॉझिटिव्ह आली तर लाखो पिल्ले ओतून टाकायची. अनेक माद्यांची अंडी एकत्र करणे स्वस्त पडते. त्या एकत्र टाकीत एक आई जरी बाधित असली तरी उरलेल्या सगळ्यांचे मुसळ केरात.

तिसरे उत्तर खाडीचे. दादाने पाणी घेतले ते थेट भरतीचे, उघाडीला साधी जाळी लावून. बांधात कुर्ल्यांची बिळे होती. आम्ही रात्री बॅटऱ्या घेऊन त्या पकडत असू आणि तिखल्यात घालत असू. कुर्ली हा विषाणू अंगावर वागवते आणि बऱ्याचदा स्वतः मरत नाही. शिवाय हा विषाणू यजमानाशिवायही तळ्याच्या पाण्यात तीन-चार दिवस तग धरतो. म्हणजे शंभर टक्के शुद्ध बीज सोडले असते तरी बांधाच्या पलीकडून रोग आत येऊ शकत होता. आणि पावसाने पाणी एकाएकी थंड होणे हे दबलेल्या रोगाला निमंत्रण. ३२ अंशांच्या आसपासच्या उबदार पाण्यात या विषाणूचा जोर ओसरतो असे प्रयोगांत दिसले आहे. वळवाच्या पावसाचा तो तिसरा दिवस मला तेव्हापासून वेगळाच आठवतो.

या तिन्हींपैकी खरे कोणते, हे २००२ च्या तळ्याबाबत आता ठरवता येणार नाही. मेलेली कोळंबी आम्ही चुना टाकून पुरली, एकही जपून ठेवली नाही.

समुद्रातल्या आईवर भरवसा नाही, हे ओळखून अमेरिकी संशोधकांनी वेगळीच वाट धरली होती. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये १९८० च्या दशकाअखेरीपासून त्यांनी पॅसिफिकच्या पांढऱ्या कोळंबीचे, म्हणजे आज जिला सगळे व्हेनामी म्हणतात तिचे, असे कळप बांधले की जे ठरावीक रोगांपासून मुक्त आहेत. मूळ कोळंबी विलगीकरणात ठेवायची, पुन्हापुन्हा तपासायची, तिच्या पिल्लांनाही तपासायचे आणि वर्षे उलटल्यावरच कळपाला मुक्त म्हणायचे. इथे तपासणी एका चिठ्ठीपुरती उरत नाही, ती वंशाचा इतिहास होते. भारतात व्हेनामीची चाचणी २००३ मध्ये झाली आणि २००९ मध्ये रीतसर परवानगी मिळाली. त्यासाठी चेन्नईजवळ नीलंकराई येथे जलचर विलगीकरण केंद्र उभे राहिले. परदेशातून येणाऱ्या नर-माद्या तिथे उतरतात, त्यांची तपासणी होते आणि मगच त्या परवानाधारक बीजोत्पादन केंद्राकडे जातात.

आमच्याकडे ‘रोगमुक्त’ या शब्दाचा अर्थ मात्र लोकांनी ‘रोग न होणारी’ असा घेतला. रोगमुक्त कोळंबीला पांढरे ठिपके होतातच. ती फक्त येताना ते घेऊन येत नाही. खाडीचे पाणी लागले की तिचे सोवळे सुटले. ज्यांनी जलाशय बांधून पाणी क्लोरिनने धुतले, बांधाला कुर्ल्यांसाठी आडोसा आणि वर पक्ष्यांसाठी दोऱ्या लावल्या, त्यांना या बीजाचा खरा उपयोग झाला.

तपासणीही बदलली. मंगळूरच्या महाविद्यालयातच के. एम. शंकर यांच्या गटाने प्रतिद्रव्यांवर आधारलेला, तळ्याच्या काठी वापरता येईल असा ठिपका-चाचणीचा संच बनवला. पीसीआरइतका सूक्ष्म नव्हे, पण शहरातल्या प्रयोगशाळेची वाट पाहायला नको. पट्टीऐवजी विषाणूचे प्रमाण आकड्यात सांगणारी रिअल टाइम पीसीआर आली. आणि नवे रोगही आले. सध्या ज्याच्या नावाने शेतकरी बोटे मोडतात तो ईएचपी तर विषाणूच नाही, तो बुरशीच्या जवळचा एक सूक्ष्म परजीवी आहे. तो कोळंबीला पटकन मारत नाही, वाढू देत नाही. पांढऱ्या ठिपक्यांची निगेटिव्ह चिठ्ठी त्याच्याबद्दल अक्षरही सांगत नाही. चिठ्ठी जे विचारले त्याचेच उत्तर देते.

२०२० मध्ये पीसीआर हा शब्द आमच्या वाडीतल्या शाळकरी पोरांच्याही तोंडी झाला. (करोनाच्या तपासणीत पुढे ‘आरटी’ लागते, कारण तो आरएनएचा विषाणू. पांढऱ्या ठिपक्यांचा डीएनएचा, म्हणून त्याला ते लागत नाही.) गोव्यात कामाला जाणारी मुले सीमेवर अडकू लागली, निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून सुटू लागली, आणि त्यांतलीच काही चार दिवसांनी तापाने आडवी झाली. दादाचा थोरला मुलगा त्यांत होता. तो बरा झाला. त्याच्या घरी मी गेलो तेव्हा दादा ओसरीवर बसला होता. अठरा वर्षांपूर्वीचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. म्हणाला, “मगे त्या बीजवाल्याक आपण उगाच शिव्या घातलो काय रे?”

मी त्याला हजारात एकाचा हिशेब पहिल्यांदा तेव्हा मांडून दाखवला. त्याने तो दोनदा विचारून घेतला. त्याचे तळे आता दुसऱ्या कोणी भाड्याने घेतले आहे. गेल्या हंगामात पेट्या आल्या तेव्हा दादा बांधावर जाऊन उभा राहिला आणि त्या पोराला त्याने विचारले, नमुन्याक किती घेतलली? पोराने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. आकडा तीवरही नव्हता. त्याने तिथूनच बीजवाल्याला फोन लावला.